बंगईवरचे रंग

आमच्या नागपूरकडे झोपाळ्याला बंगई म्हणतात. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना हा शब्द एकदा समजावून सांगावा लागतो, मग तेही ओसरीवर आले की आधी बंगईच शोधतात. इतवारीतल्या आमच्या जुन्या घरी अशीच एक बंगई होती. पाच फूट लांब, दोन इंच जाड सागवानी फळी, टेकायला मागे आडवी पाठ, चार कोपऱ्यांना चार कड्या आणि तुळईपर्यंत गेलेल्या साखळ्या. रंग आकाशी. बसून बसून मधला रंग झिजलेला, आणि झिजलेल्या जागी खालचा हिरवा दिसे, हिरव्याच्या मध्ये तांबडा. लहानपणी आम्ही त्याला नकाशा म्हणायचो आणि त्यावर बोटांनी देश वाटून घ्यायचो.

घर बिल्डरला द्यायचे ठरले तेव्हा सामानाची वाटणी झाली. तांब्या-पितळेची भांडी पहिल्या तासातच संपली. बंगई मात्र कुणी घेईना. फ्लॅटच्या स्लॅबला कडी कुठे लावणार? शेवटी ती मी घेतली. त्यात माझा स्वार्थ होता. हॉटेलांत आणि शोरूममध्ये हल्ली जुने सागवान तासून, पॉलिश करून ठेवलेले असते आणि त्याची किंमत ऐकून घाम फुटतो. म्हटले, आपल्याकडे तर घरचेच आहे. वरचा हा बाजारू निळा रंग काढू, लाकूड मोकळे करू, पॉलिशचे दोन हात देऊ. दोन रविवारचे काम.

ज्यांनी इतवारी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. इतवारी म्हणजे इतवारचा, रविवारचा बाजार. नागपुरात बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी, मंगळवारी अशी वारांच्या नावांची वस्ती सगळीकडे आहे; जुन्या शहराचा आठवडा असा गल्ल्यांमध्ये मुरलेला आहे. देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंदाने, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला हे शहर वसवले आणि पुढे रघुजी भोसल्यांनी ते आपली राजधानी केली. इतवारीत सराफा ओळी आहे, लोहा ओळी आहे, किराणा ओळी आहे, भांडे ओळी आहे. शेजारी लाकडाचे लकडगंज. महालाकडे गेले की चितारओळी, म्हणजे मूर्ती आणि रंगकाम करणाऱ्या चिताऱ्यांची. एखाद्या घरात लाकडी वस्तू करायची, तर लाकूड, खिळे, कड्या आणि रंगारी सगळे चालत जाण्याच्या अंतरावर. आमची बंगईही अशीच झाली असावी.

लाकूड कुठले याबद्दल तर शंकाच नको. चांदा जिल्ह्याचे, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीचे सागवान. आलापल्लीच्या जंगलाचे नाव लाकडाच्या व्यापाऱ्यापुढे काढून बघा, तो खुर्ची पुढे करतो. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी लाकूड गेले ते याच भागातून. सागाच्या अंगात तेल असते, त्यामुळे त्याला वाळवी सहसा शिवत नाही आणि पाणी पटकन मुरत नाही. मग असल्या लाकडाला रंग द्यायचाच कशाला? हा प्रश्न मला पडला होता, आणि आजच्या कुणालाही पडेल. आपल्याला लाकूड उघडे दिसले की श्रीमंती वाटते. आपल्या आजी-आजोबांना रंगवलेले दिसले की वाटायची. सागवान तर प्रत्येकाच्या घरी होते. डब्यातला, चकचकीत, पुसता येणारा रंग मात्र दुकानातून आणावा लागे. लग्न निघाले की घराला चुना आणि लाकडाला तेलरंग, हा नियम होता. तेव्हा त्या निळ्याला मी बाजारू म्हटले ते मागे घेतो.

हा निळा १९६२ चा. माझी आत्या आज चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, तिच्या लग्नातला. तो काळ कारखान्यांत तयार होणाऱ्या एनॅमल रंगांचा. १९४२ मध्ये, महायुद्धामुळे रंगांची आयात आटली असताना, मुंबईत चार मित्रांनी एशियन पेंट्स सुरू केली. १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी त्यांच्यासाठी हातात ब्रश आणि बादली घेतलेला खोडकर गट्टू काढला. तो पुढे गावोगावच्या दुकानांच्या पाट्यांवर जाऊन बसला. लहान डब्यांतून मिळणारा रंग ही मोठीच सोय होती. एक बंगई, दोन दारे आणि एक देवघर रंगवायला लागेल एवढाच रंग विकत घेता येऊ लागला. त्याआधी रंगारी स्वतः तेलात रंग घोटून आणायचा, आणि उरलेला रंग कुठे जायचा हे त्यालाच ठाऊक.

पहिल्या रविवारी मी मशीन आणले. गोल फिरणारा पॉलिश पेपर लावायचे, लकडगंजात भाड्याने मिळते ते. अंगणात दोन स्टुलांवर फळी ठेवली आणि सुरू केले. निळा उडाला, हिरवा उडाला, सगळीकडे मऊ पावडरीसारखी धूळ. पुतण्याची चार वर्षांची मुलगी पायरीवर बसून त्या हिरव्या धुळीत रेघोट्या काढत होती. छान दिसत होते, मी फोटोही काढला.

त्या फोटोकडे आता मला बघवत नाही. जुना हिरवा तेलरंग बहुधा पिवळा आणि निळा मिसळून केलेला असे, आणि त्यातला पिवळा म्हणजे क्रोमेट ऑफ लेड, शिशाचा क्षार. अस्तराचा सफेदा म्हणजेही पुष्कळदा शिशाचाच. तांबडा शेंदरी असेल तर शेंदूर हेच मुळी शिशाचे भस्म. शिसे रंगाला वजन देते, तो लवकर वाळवते, टिकवते. म्हणून जगभर शेकडो वर्षे रंगाऱ्यांनी ते वापरले, आणि पोटशूळ, हातांचा लुळेपणा हे त्यांच्या धंद्याचे रोग म्हणून ओळखले गेले. १९२१ मध्ये जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने घराच्या आतल्या रंगकामात शिशाच्या सफेद्यावर बंधन घालणारा करार केला. अमेरिकेने घरगुती रंगांतल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आणली. आपल्याकडे नियम निघाला २०१६ मध्ये आणि लागू झाला नोव्हेंबर २०१७ पासून: घरगुती रंगात शिसे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको. म्हणजे त्याआधीचा कोणताही रंग तुमच्या दारावर, खिडकीवर, पाळण्यावर असेल तर त्यात शिसे आहे असे धरूनच चालावे. भिंतीवर, लाकडावर शाबूत असेपर्यंत तो फारसा त्रास देत नाही. कोरडा घासला की धूळ होऊन नाकातोंडात जातो, आणि लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला त्याचा अपाय सगळ्यात जास्त. एवढे शिसे चालेल, अशी सुरक्षित पातळी मुलांसाठी कुणीच सांगत नाही.

हे मला माहीत होते. वाचलेले होते. पण माहिती पुस्तकात होती आणि धूळ अंगणात. डॉक्टरांनी मुलीच्या रक्ताची तपासणी करून घेतली, ती ठीक आली. अंगण आम्ही तीन वेळा ओल्या फडक्याने पुसले, आणि मशीन परत गेले.

त्या दिवशी आत्या आली होती. तिचे हे माहेर. तिने फळीकडे पाहिले आणि विचारले, “काहून खरवडून राहिला रे बाबू? माह्या लग्नाचा रंग होता तो.” मी सागवान, पॉलिश वगैरे सांगू लागलो. ती म्हणाली, “निळा माह्या लग्नातला. हिरवा थोरल्या ताईच्या, गांधीजी गेले त्याच्या पुढच्या वर्षी. तांबडा माह्या आईले सासरी आणलं तेव्हाचा. आता तू काय लिवतं त्याच्यावर?”

मी इतिहासाचा शिक्षक. बत्तीस वर्षे मुलांना सांगत आलो की साधने जपा, साधनांशिवाय इतिहास नाही. आणि माझ्या समोर एका घराची वंशावळ रंगांच्या थरांत लिहिलेली होती, ती मी भाड्याच्या मशीनने पुसत होतो.

दुसऱ्या रविवारी मी पाठीची फळी घेतली. या वेळी कोरडे काहीच नाही. खाली प्लास्टिक, तोंडाला चांगल्यापैकी मास्क, पाण्याचा फवारा, ओल्या पृष्ठभागावर हाताने घासायचा वॉटर पेपर, आणि मुले शेजारच्या घरी. आधी कोपऱ्यात दोन इंचांची एक चौकट आखली आणि तेवढ्याच जागेत एकेक थर काढत खाली गेलो, पायऱ्या उतरल्यासारखा. जुन्या वास्तूंचे जतन करणारे लोक असेच करतात. अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या माउंट व्हर्नन येथील घरात १९८० च्या दशकात असा थरांचा अभ्यास झाला, तेव्हा जेवणघराची भिंत मुळात भडक जंगाली हिरवी होती असे निघाले. लोकांना धक्का बसला. थोर पुरुष फिकट, सौम्य रंगांत राहत असणार अशी सगळ्यांची समजूत. आपण आपल्या पूर्वजांना आपली आवड चिकटवतो, ती अशी.

माझ्या चौकटीत निळा, हिरवा, तांबडा गेला आणि खाली मधासारखा, पिवळसर, पारदर्शक थर लागला. कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून टेकवले तर चिकट झाले आणि बोळा तपकिरी. मुरलेला तेलरंग स्पिरिटला असा विरघळत नाही. ही लाख होती.

लाखेविषयी थोडे थांबून बोलायला हवे, कारण ती आपल्या विदर्भाची वस्तू आहे आणि आपण ती जवळजवळ विसरलो आहोत. पळस, कुसुम, बोर या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे वस्ती करतात, रस शोषतात आणि अंगाभोवती राळेचे कवच करतात. भंडारा-गोंदियाच्या जंगलात आणि पुढे छत्तीसगडात ती फांद्यांवरून खरवडून गोळा करत. धुऊन लाल रंग काढला की दाणा लाख. दाणा कापडाच्या लांब पिशवीत घालून विस्तवापुढे तापवून पिळला आणि पातळ पापुद्रा ओढला की चपडा. चपडा स्पिरिटमध्ये भिजवला की झाले पॉलिश. मलमलीच्या चिंधीत कापसाचा बोळा गुंडाळून, तेलाचे बोट लावून, गोल गोल फिरवत एकावर एक वीस-पंचवीस पातळ हात द्यायचे. ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात रुळली, म्हणून आपले मिस्त्री आजही तिला फ्रेंच पॉलिश म्हणतात. लाख मात्र इथली. अथर्ववेदात लाक्षेवर सूक्त आहे, आणि कौरवांनी पांडवांसाठी बांधलेले लाक्षागृह तर आपल्याला शाळेत जाण्याआधीच माहीत असते. १७८२ च्या सुमारास जेम्स केर या इंग्रजाने या किड्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. आज किड्याच्या शास्त्रीय नावात, केरिया लाक्का, त्याचे नाव राहिले आहे.

नभोवाणीवरून बोलताना आणखी एक सांगायलाच हवे. जुन्या ७८ फेऱ्यांच्या ग्रामोफोन तबकड्या याच लाखेच्या होत्या. बालगंधर्वांचा आवाज पहिल्यांदा घराघरांत पोहोचला तो किड्याच्या राळेवरून. प्लास्टिक आले आणि १९५० नंतर तबकडीतून लाख गेली, तशी लाकडावरूनही मागे सरली. रांचीजवळ नामकुम येथे १९२० च्या दशकात खास लाखेसाठी संशोधन संस्था निघाली होती, इतके या मालाचे महत्त्व.

तेलरंगाचीही गोष्ट अशीच फिरून आपल्याच दारात येते. रंग कशात घोटायचा? जवसाच्या तेलात. मध्य प्रांतात, आपल्या नागपूर भागातही, जवस भरपूर पिके आणि १८६७ मध्ये मुंबईकडून रेल्वे नागपूरला पोहोचल्यावर तो मोठ्या प्रमाणावर विलायतेला जाऊ लागला. तिकडे त्या तेलात रंग घोटून डबे भरले जात आणि डबे इकडे विकायला येत. कापसाचे गाऱ्हाणे आपण सगळे जाणतो, जवसाचे कुणी सांगत नाही. १९०० मध्ये बंगाल-नागपूर रेल्वेने हावड्याशी सरळ सांधा जुळला आणि १९०२ मध्ये हावड्यातच शालिमार रंगाचा कारखाना निघाला. आमच्या आजीच्या लग्नातला तांबडा रंग या दोन वाटांपैकी कुठल्या वाटेने आला असेल, याचा विचार करत मी बसलो होतो.

आणि मग तांबड्या रंगाचा एक पापुद्रा आपोआप सुटला. गुळगुळीत लाखेवर तो नीट धरलेलाच नव्हता. खाली लाखेच्या आत एक डोळा होता. पोपटाचा.

पुढचे सहा रविवार मी बांबूची चपटी काडी घेऊन त्या फळीवर वाकलेला होतो. तिथे स्पिरिट चालत नव्हते, कारण त्याने लाख विरघळून तिच्याबरोबर चित्रही आले असते. गरम हवेचे मशीन चालत नव्हते, लाख थोड्या आचेवरच मऊ पडते. कॉस्टिकचा तर विचारच नको, ते रंगही खाते आणि लाकूडही काळवंडते. जरा दमट करायचे, काडीने कड उचलायची, पापुद्रा ओढायचा. निघाले ते असे: मध्ये वेल, बाजूला एक हिरवा पोपट, चोचीत फळ. गेरूचा लाल, पिवडीचा पिवळा, काजळाची रेघ. रेघ अशी की एकदा हात ठेवला तो शेपटीपर्यंत उचललाच नाही. हा हात चिताऱ्याचा. तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदीबैलांवर आजही अशी रेघ दिसते, फक्त रंग डब्यातला असतो. कोकणात सावंतवाडीला लाकडावर चित्र काढून वर लाखेचा हात देण्याची जुनी कला आहे. १९७० च्या दशकात तिथले राजघराणे, शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी, यांनी राजवाड्यातच काम सुरू करून ती मरता मरता वाचवली. आमच्या पोपटाला असे कुणी नव्हते.

वेलीच्या दुसऱ्या बाजूला दुसरा पोपट असणारच. जोडीशिवाय असे चित्र काढत नाहीत. पण त्या बाजूवर पहिल्या रविवारी, बसायची फळी संपल्यावर, हौसेने मी मशीन फिरवून पाहिले होते. तिथे स्वच्छ, सुंदर, गुळगुळीत सागवान आहे.

एका पोपटाचे इतके काय, असे कुणी म्हणेल. त्याचे उत्तर नागपूरच्या इतिहासात आहे. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी भोसले वारले. डलहौसीने दत्तक मानला नाही, राज्य खालसा झाले. राज्यापाठोपाठ राजवाड्यातली चीजवस्तू निघाली. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीवर लिलावात गेले, जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात. राजवाड्यातले सामानसुमान, फर्निचर, हलवायला लागले तेव्हा म्हाताऱ्या बांकाबाईंनी, दुसऱ्या रघुजींच्या राणीने, निरोप पाठवला की सामान नेले तर मी वाड्याला आग लावीन. जॉन के या इंग्रज इतिहासकाराने हे नोंदवले आहे. सामान नेलेच. या जप्त्या आणि लिलावांनी लोकांच्या मनावर जितका वाईट परिणाम झाला तितका राज्य गेल्यानेही झाला नाही, असे ऐकल्याचे तोच लिहितो. त्याचा तो ग्रंथ १८६४ मध्ये निघाला. त्याच वर्षी काळ्या दगडाचा आणि लाकडी कोरीवकामाने भरलेला तो राजवाडा खरोखरच जळाला. मोठा दरवाजा तेवढा उरला. ही आग बांकाबाईंनी लावलेली नव्हती, त्या तोवर हयात नव्हत्या.

योगायोग बघा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीतून काळी मारबत निघते, १८८१ पासून निघते असे सांगतात, आणि इंग्रजांशी जुळवून घेतल्याच्या रागातून ती बांकाबाईंवर काढली अशी लोकांत समजूत आहे. त्याच दिवशी संध्याकाळी तान्हा पोळा असतो, पोरे लाकडी बैल घेऊन निघतात. त्या बाईने बैठकीच्या सामानासाठी वाडा पेटवायची धमकी दिली होती, हे मिरवणुकीतल्या कुणालाच आठवत नाही. मी तिची बाजू घेत नाही. पण त्या एका निरोपापुरते तिला कळले होते ते मला कळले नव्हते.

म्हणजे भोसल्यांच्या नागपुरात घरे आतून कशी दिसत, लाकडावर कोणते रंग असत, हे विचारायला राजवाडा उरलेला नाही. उरली आहेत ती इतवारीतली, महालातली साधी घरे, त्यांतल्या पेट्या, पाळणे, देव्हारे, दारे, बंगया. त्यांच्यावर तीन-चार थर तेलरंग आहेत आणि ती घरे एकेक करून बिल्डरकडे जात आहेत. आमची बंगई भोसल्यांच्या काळातली आहे असे मी मुळीच म्हणत नाही. पोपट शंभर वर्षांचा असेल नाहीतर दीडशे. पण ज्या हाताने तो काढला त्या हाताला आधीच्या हातांनी शिकवले होते.

पाठीच्या फळीवर मी आता चपड्याचे दोन पातळ हात दिले आहेत, वेलीवर आणि एका पोपटावर. रिकाम्या बाजूला दुसरा पोपट काढून घ्यावा असे पुतण्या म्हणतो, चितारओळीत काढूनही देतील. मी नाही म्हटले. बसायच्या फळीच्या टोकाला वीतभर जागा मशीनमधून सुटली होती. तिथे निळा, हिरवा, तांबडा तसेच ठेवले आणि वर लाखेचा हात दिला, म्हणजे धूळ सुटणार नाही. बंगई आता लोखंडी स्टँडवर गॅलरीत आहे. गरम चहाचा कप तिच्यावर ठेवू देत नाही, लाखेवर पांढरा डाग पडतो.

निघालेल्या रंगाचे चार तुकडे मी चार पाकिटांत ठेवले आणि त्यांवर आत्याकडून लिहून घेतले. निळ्यावर तिने स्वतःच्या लग्नाची तारीख घातली, हिरव्यावर ताईचे नाव, तांबड्यावर आईचे माहेरचे नाव. चौथ्या पाकिटात लाख होती. तिने ते उजेडाकडे धरले, बराच वेळ पाहिले, आणि माझ्या हातात कोरेच परत दिले.